आठशेचे राखणदार

रात्री अकरानंतर राम मारुती रोडवरून आत वळून घंटाळीच्या दिशेने पायी निघालात, तर नौपाड्याच्या कुठल्या ना कुठल्या गल्लीत एक गृहस्थ गाडीखाली टॉर्च मारताना दिसतील. अंगात बाह्यांचा बनियन, खाली लेंगा, गळ्यात चष्म्याची दोरी आणि टॉर्च तोंडात, कारण दोन्ही हात गुडघ्यांना आधार द्यायला लागतात. त्यांना चोर समजून आरडाओरडा करू नका. ते गाडीचे मालक आहेत आणि तुम्ही चोर आहात की काय, हे ते ठरवताहेत.

या पंथाचा एक तरी साधक नौपाड्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत असतो. आमच्याकडचे बापूकाका. मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे त्यांच्याविषयीच्या तक्रारी माझ्याकडे येतात आणि त्यांच्या तक्रारीही माझ्याकडेच येतात. तेव्हा पुढच्या मजकुराला दप्तरी आधार आहे असं समजा.

बापूकाकांची गाडी मारुती आठशे, पांढरी, एमएच-झिरो-फोर, साल १९९३. पंधरा वर्षांची मुदत २००८ साली संपली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी काका गाडीला आंघोळ घालून आरटीओत नेतात आणि मुदत वाढवून आणतात. २०१३, २०१८, २०२३. जुन्या गाडीचा पर्यावरण कर भरतात, पीयूसी दर सहा महिन्यांनी, तारीख उजाडायच्या आठवडाभर आधी. मारुतीने २०१४ साली आठशे बनवणं बंद केलं, तेव्हा काका मला म्हणाले होते, "कंपनी थकली. आम्ही नाही."

गाडी चालते का, असं विचाराल तर उत्तम चालते. फक्त ती कुठे जात नाही. याला काकांचा नाइलाज आहे. आमची इमारत ज्यांनी बांधली त्यांनी पाण्याची टाकी, तुळशीवृंदावन आणि सायकली यांचा बारकाईने विचार केला होता. गाड्यांचा केला नव्हता, कारण तेव्हा इमारतीत गाडी येते ती डॉक्टरची आणि ती व्हिजिट झाली की जाते, अशी समजूत होती. त्यामुळे आवारात कुंपणाच्या भिंतीलगत जांभळाखाली कशीबशी पाच गाड्यांची सोय आहे आणि गाड्या बारा आहेत. जांभळाखालची कोपऱ्यातली जागा काकांनी १९९३ला धरली. गाडी काढली की जागा जाणार. म्हणून काका गडकरी रंगायतनला चालत जातात, आरटीओ आणि पीयूसी सोडून बाकी सगळीकडे रिक्षाने आणि डोंबिवलीला साडूकडे लोकलने. गाडी दर रविवारी सकाळी दहा मिनिटं जागच्या जागी सुरू होते. त्या वेळी काका आरसा नीट करतात, एकदा हॉर्न वाजवतात, इंडिकेटर देतात. काकू कधीकधी शेजारी येऊन बसतात, पर्स घेऊन.

काकांचा स्वभाव कळायचा तर त्यांची नोकरी सांगायला हवी. एमआयडीसी १९६२ साली जन्माला आली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या एका कारखान्यात काका आयुष्यभर स्टोअर्सला होते. बिन कार्डावर एकशे चव्वेचाळीस नट लिहिलेले असतील तर डब्यात एकशे चव्वेचाळीसच निघायचे. एकशे पंचेचाळीस निघाले तर काका जास्त अस्वस्थ व्हायचे. माल कमी पडला तर चोर शोधता येतो, पण जादा निघाला तर आपलीच लेखणी चुकली, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात एकच वस्तू उरली. ती जांभळाखाली उभी होती.

तरीही टॉर्चपर्यंत मजल गेली नव्हती. ती गेली शाळेच्या ईकोमुळे.

गल्लीच्या तोंडाशी एक ईको उभी असते, पोरांना शाळेत सोडणारी. एका पहाटे सव्वासहाला व्हॅनवाल्या मामांनी चावी फिरवली आणि चिखलवाडीपासून भास्कर कॉलनीपर्यंत सगळ्यांना वाटलं की कुणीतरी ट्रॅक्टर आणलाय. खिडक्या उघडल्या. मामा खाली उतरून वाकले, तर गाडीच्या पोटाखाली पाइपची दोन टोकं एकमेकांकडे बघत होती आणि मधला डबा नव्हता. बोल्टसुद्धा नीट सोडवून नेले होते. पोरं मात्र खूश होती. त्या दिवशी व्हॅनमध्ये कितीही ओरडलं तरी मामांना ऐकू येत नव्हतं.

ईकोचा सायलेन्सर चोरणं हा गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यापासून अहमदाबादपर्यंत चांगला जम बसलेला धंदा आहे. ही गाडी २०१० साली आली. पोट जमिनीपासून उंच, इंजिन पुढच्या सीटखाली, डबा सहज हाताशी येणारा आणि रात्रभर रस्त्यावर उभी. चोराला सायलेन्सर नकोच असतो. त्याच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, बारीक छिद्राछिद्रांची एक चिनीमातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा पातळ लेप. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या लेपावरून जाताना निवतात. चोर ती वीट फोडून भुगा करतात. धंद्यात त्याला 'माती' म्हणतात आणि ती किलोवर विकली जाते.

हे सगळं मामांचा मेकॅनिक सांगत होता आणि बापूकाका दुधाची पिशवी हातात धरून ऐकत होते. "माती?" ते म्हणाले. "चोर आता माती नेतात?"

तिथून काका थेट मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. ही संस्था १८९३पासून ठाणेकरांना शहाणं करत आली आहे. काकांच्या बाबतीत तिने जरा जास्तच केलं. मार्च २०२१मध्ये रोडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या घरात पोचला होता, हे त्यांना कुठल्याशा अर्थविषयक पानावर सापडलं. औंस म्हणजे ३१ ग्रॅम. काकांनी वर्तमानपत्राच्या समासात भागाकार केला (ग्रंथपालांनी हटकलं, ते वेगळं) आणि उत्तर आलं की एक ग्रॅम रोडियम पासष्ट हजारांच्या वर. त्याच महिन्यात दहा ग्रॅम सोनं पंचेचाळीस हजारांच्या आसपास होतं. एका डब्यात रोडियम ग्रॅमभरही नसतं आणि भाव पुढे पार खाली आला, या दोन गोष्टी काकांच्या वाचनात आल्या. पण त्यांनी त्या नोंदवून घेतल्या नाहीत. त्यांच्या हिशेबात अजून मार्च २०२१ चालू आहे.

त्या संध्याकाळी विष्णुनगरात गजाननच्या वडापावसाठी उभे असताना काकांनी ओळखीच्या-अनोळखीच्या चौघांना ऐकवलं, "सोन्याच्या चौदा-पंधरा पट! आणि ते आपण जांभळाखाली उघड्यावर ठेवतो!" चौघांपैकी एकाने पिवळी चटणी जास्त मागून घेतली. बाकीचे हलले.

घरी काकू म्हणाल्या, "माझ्या पाटल्या वीस वर्षं लॉकरमध्ये आहेत. त्यांची कधी एवढी चौकशी केली नाहीत."

"अगं, पाटल्यांना खालून बोल्ट नसतात," काका म्हणाले.

मग बंदोबस्त सुरू झाला. पहिल्या रात्री टॉर्च. दुसऱ्या रात्री चारी चाकांच्या मध्ये विटा, म्हणजे चोराला आत सरकता येऊ नये. विटांमुळे काकांना स्वतःला तपासणी करता येईना, म्हणून त्या निघाल्या. मग सायलेन्सरला सायकलची साखळी आणि कुलूप. त्यानंतर गाडीखाली स्टीलची ताटं, एकावर एक, किंचित तिरकी. कुणी सरपटत आत शिरला की खणखणाट व्हावा. झालाही, रात्री अडीच वाजता. अख्खी इमारत खाली उतरली. गाडीखालून आमचा सोसायटीचा बोका शांतपणे बाहेर आला आणि सगळ्यांकडे तुच्छतेने बघत गेला. माझ्याकडे तक्रारींचे अर्ज आले. एका अर्जात 'सदर ताटे आमची असून ती हळदीकुंकवाला दिलेली होती' असंही होतं.

शेवटचा उपाय गुहागरहून आला. काकांच्या चुलतभावाने एसटीने एक पत्र्याचा डबा पाठवला, वर सुतळी आणि चिठ्ठी: 'हात लावू नये'. आत खाजकुइलीच्या शेंगा. ज्यांचं बालपण कोकणात गेलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की त्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की माणूस देवाचं नाव घेतो आणि नंतर तेही विसरतो. काकांनी हातमोजे घालून, नाकाला टॉवेल बांधून, अमावस्येच्या रात्री ती लव गाडीखाली शिंपडली. अमावस्येचा काही संबंध नव्हता. त्या दिवशी नेमकी होती.

चोर काही आला नाही. आला तो बी केबिनकडचा उस्ताद.

तो येण्याचं कारण कॅलिफोर्नियात होतं. काकांचा मुलगा तिकडे असतो. त्याच्या जुन्या प्रियसचा कन्व्हर्टर घरासमोरून गेला. तिकडे चोरांचा ईकोवर नाही, प्रियसवर जीव. ही गाडी निम्मा वेळ बॅटरीवर पळते, त्यामुळे डबा कमी वापरलेला आणि आतला ऐवज चांगला. मुलाने फोनवर सांगितलं की तिकडच्या सरकारने २०२२ साली कायदा केला, सुटा कन्व्हर्टर घेणाऱ्या भंगारवाल्याने तो कुणाकडून घेतला, कुठल्या गाडीचा, याची नोंद ठेवायची. "नोंद!" काका फोनवर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. "बघ. शेवटी सगळं बिन कार्डावर येतं." मग मुलाने सांगितलं, इथे लोक डब्याखाली पोलादी पत्रा बोल्टने बसवून घेतात. झालं. काकांनी वागळे इस्टेटमधल्या जुन्या ओळखीने तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून, भोकं पाडून, रेड ऑक्साइड मारून आणला आणि तो बसवायला उस्तादला बोलावलं.

खाजकुइलीचं सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही. काकांना ते दोन पावसांनी धुऊन गेलं असं वाटलं होतं. जांभळाखाली पाऊस कमी पडतो.

उस्ताद पुठ्ठा टाकून पाठीवर आडवा झाला आणि सरकत आत गेला. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. मी, काका, वॉचमन आणि वरच्या गॅलरीतून काकू असे साक्षीदार. मिनिटभर पान्याचा आवाज आला. मग चपला एकमेकींना घासू लागल्या. मग पुठ्ठा हलू लागला.

"काका," आतून आवाज आला, "पत्रा कशावर बसवू?"

"कन्व्हर्टरखाली!"

"कन्व्हर्टर कुठंय?"

काका खाली वाकले. टॉर्च आपोआप तोंडात गेली होती. "मॅनिफोल्डच्या पुढे बघ!"

"बघितलं. पाइप हाय. मग डबा हाय. मग परत पाइप. बास." आतून खसाखसा खाजवण्याचा आवाज. "कन्व्हर्टर नाय."

काका ताठ उभे राहिले. टॉर्च खाली पडली. चेहरा असा झाला की वॉचमनने त्यांचा दंड धरला. "गेला!" काका म्हणाले. "एवढं करून गेला! कधी गेला? रविवारी तर मी..." आणि माझ्याकडे वळून, "सेक्रेटरी, आधी पोलिसांत फोन करा. जागा हलवू नका. ती ताटंही हलवू नका."

उस्ताद बाहेर आला. शर्ट काढलेला, पाठ भिंतीला घासत, तोंड लाल. तरी माणूस कामाचा पक्का. त्याने नंबरप्लेटकडे बोट केलं. "काका, गाडी त्र्याण्णवची. कन्व्हर्टर आला पंच्याण्णवला. तो बी आधी चार मोठ्या शहरांतल्या नव्या गाड्यांना, बिनशिशाच्या पेट्रोलबरोबर. तुमचा गेला नाय. आलाच नव्हता."

एप्रिल १९९५. मी नंतर तपासलं, उस्ताद बरोबर होता. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद व्हायला पुढे २००० साल उजाडलं. ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये गेलं तर लेप मरतो, म्हणून आधी पेट्रोल बदलायचं आणि मग डबा लावायचा, असा तो क्रम होता. बापूकाकांची आठशे त्या क्रमाच्या आधीची. काकांनी अख्खा बंदोबस्त शून्यावर केला होता.

गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "उस्ताद, वर या. खोबरेल देते." आणि नंतर आत जाऊन त्या बराच वेळ हसत होत्या. ते खालपर्यंत ऐकू येत होतं.

मला वाटलं, प्रकरण संपलं. चार दिवस टॉर्च दिसली नाही. काका रविवारी गाडीत बसले, पण हॉर्न वाजवला नाही. मी विचारपूस करायला गेलो तेव्हा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे चोरण्यासारखं काहीच नव्हतं." हे इतक्या हळू म्हणाले की मला खरंच वाईट वाटलं. स्टोअर्समधल्या माणसाला कमी निघालेला माल सोसतो. स्टोअरच नव्हतं, हे सोसत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. ताजेतवाने. "मला सांगा," म्हणाले, "कन्व्हर्टर नाही हे कुणाला ठाऊक आहे? मला, तुम्हाला, उस्तादला. चोराला कुठे ठाऊक आहे? तो येणार, जॅक लावणार, पाइप कापणार आणि मग त्याला कळणार. त्याचं नुकसान नाही, माझं आहे!"

या युक्तिवादाला मी अजून उत्तर शोधतोय.

पहिली पाटी वहीच्या कागदावर होती, मागच्या काचेला आतून चिकटवलेली: 'सूचना: या वाहनात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. कृपया आवाज न करता पुढे जावे.' गस्तीवरचे हवालदार ती वाचून थांबले. "काका, चोराला मराठी येत नसेल तर?" काकांनी खाली हिंदी आणि गुजराती मजकूर वाढवला. "आणि वाचताच येत नसेल तर?" काकांनी चित्र काढलं: एक आडवी नळी, मध्ये फुगीर, तिच्यातून धूर आणि वर लाल फुली. त्यानंतर आठवडाभर आवारात कुणी सिगारेट ओढली नाही.

पाटीची कीर्ती पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी आपल्या वॅगन-आरसाठी तसलीच मागितली. काकांनी नकार दिला. "तुमच्यात आहे. खोटी नोंद मी करणार नाही." बँकवाले म्हणाले, कुणाला कळणार? काका म्हणाले, "मला." शेवटी तडजोड म्हणून त्यांनी एक खरा मसुदा करून दिला: 'या वाहनात कन्व्हर्टर आहे, परंतु तो जुना असून फारसा राहिलेला नाही.' बँकवाल्यांच्या बायकोने तो दोन तासांत काढून टाकला. तिच्या म्हणण्यानुसार मजकूर गाडीविषयी वाटत नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या पोराची गाडी बॅटरीवरची. सायलेन्सरच नाही. त्याला काकांनी आपण होऊन पाटी दिली, खाली सही-तारखेनिशी, आणि जाताजाता सांगितलं की चार्जिंगच्या केबलमध्ये तांबं असतं. पोरगा आता केबल उशाशी घेऊन झोपतो. म्हणजे पंथ वाढतोय.

त्याच पोराने एकदा काकांना समजवायचा प्रयत्न केला. तो इंजिनीअर आहे. म्हणाला, कन्व्हर्टर कामाला लागतो तोच अडीचशे-तीनशे डिग्री तापल्यावर; तुम्ही रविवारी दहा मिनिटं उभ्या उभ्या गाडी चालू ठेवता, त्यात तो असता तरी धड तापला नसता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कोरा राहिला असता," ते म्हणाले. "जास्त भाव आला असता." आणि रागाने पाटीकडे बघून घेतलं.

वार्षिक सभेत रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला, तेव्हा बिल्डरचा माणूस रंगीत नकाशे घेऊन आला होता. एकावन्न टक्के संमती पुरते, असं तो दर दोन वाक्यांनंतर सांगत होता. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस सगळं झालं. बापूकाकांनी हात वर केला. "ते पार्किंग मेकॅनिकल आहे ना? गाडीवर गाडी?" हो. "म्हणजे माझी गाडी वर असेल तर तिचं पोट खालून दिसणार." बिल्डरच्या माणसाला प्रश्न कळला नाही. काकांनी उभं राहून समजावलं की आज त्यांच्या गाडीखाली बघायला चोराला आडवं व्हावं लागतं, उद्या त्याला नुसती मान वर करावी लागेल. हा मुद्दा त्यांनी सभावृत्तांतात घ्यायला लावला. मी घेतलाय. रजिस्ट्रारच्या कार्यालयात कधी कुणी तो वाचला तर आमच्याबद्दल काय मत होईल, कोण जाणे.

पावसाळा आला तशी कागदाची पाटी काचेच्या आत ओल धरून विरली. मग सनबोर्डाची केली, ती उन्हाने वाकली. मग काका म्हणाले, एकदाच काय ते पक्कं करू, आणि ठाण्यातल्या पाट्या कोरणाऱ्याकडून पितळेची करून आणली. नऊ इंच बाय सहा इंच, काळी अक्षरं, चार कोपऱ्यांना स्क्रू, मागच्या डिकीवर बसवलेली. अठराशे रुपये पडले. काका दर रविवारी ती चिंचेने घासत. सूर्य कलला की तिचा कवडसा समोरच्या इमारतीत पडे. घराच्या दाराला काकांच्या नावाची पाटी आहे ती प्लास्टिकची.

दिवाळीच्या आधी एका सकाळी साडेसहाला माझी बेल वाजली. काका दारात, हातात टॉर्च, पण चेहऱ्यावर असं तेज की मला वाटलं नातू झाला.

"आला होता!" काका म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? चोर! मी म्हणत नव्हतो? सगळे हसत होतात!" मला हाताला धरून त्यांनी खाली नेलं. आठशे जागच्या जागी होती. पाइप, डबा, साखळी, सगळं जसंच्या तसं. फक्त डिकीवर चार भोकं होती आणि पितळेची पाटी नव्हती. स्क्रू नीट सोडवून नेले होते.

मी त्यांच्याबरोबर पोलिस ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचेच. त्यांनी किंमत विचारली आणि सांगितलं की पाच हजारांच्या खालची चोरी असल्यामुळे नव्या कायद्यात ती अदखलपात्र, एनसी घेतो. कलम ३७९ आता नाही, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३. काका किंमत वाढवून सांगायला तयार नव्हते. बिलच दाखवलं, जीएसटीसकट.

"आणि सापडला तर?" काकांनी विचारलं.

"पहिलाच गुन्हा असला आणि माल परत केला, तर कोर्ट समाजसेवा सांगतं, काका."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग तसं लिहून ठेवा. आमच्या गल्लीत रात्रीची गस्त द्या त्याला. अकरा ते पाच. टॉर्च मी देईन."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

परत येताना काका स्टेशनरीच्या दुकानात शिरले आणि पुठ्ठा, स्केचपेन आणि चिकटपट्टी घेतली. संध्याकाळपर्यंत मागच्या काचेला जुना मजकूर पुन्हा लागला होता, तिन्ही भाषांत, चित्रासह. तळाशी लाल अक्षरांत एक नवी ओळ होती: 'टीप: ही पाटी पितळेची नाही.'